न जोडलेला माइक

१

गिऱ्हाईक दारात आलं की मी तीन प्रश्न विचारतो. काय रेकॉर्ड करणार, कुठल्या खोलीत करणार, आणि घरात आधीपासून काय पडलंय. पहिल्या दोहोंची उत्तरं लोक छाती फुगवून देतात. तिसऱ्याला बिनदिक्कत खोटं बोलतात. "काही नाही हो विद्याधरभाऊ, सगळं नवीनच घ्यायचंय," म्हणतात. मग सगळं जोडून झालं की कपाटातून मामाने दुबईहून आणलेली कुठलीतरी जुनी वस्तू काढतात. ती नव्या मदरबोर्डशी बोलत नाही आणि शिव्या मात्र मला पडतात.

धंदाच तसा आहे माझा. भांडुपला टेंभीपाड्याच्या चढावर राहतो, आणि गेली एकवीस वर्षं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी कॉम्प्युटर जोडून देतो, लागलं तर रेकॉर्डिंगही करून देतो. लोकांना वाटतं, भारीतलं भारी सामान एका पेटीत कोंबलं की झालं काम. अरे बाबांनो, हे लग्न जुळवण्यासारखं आहे. मुलगा चांगला, मुलगी चांगली, म्हणून संसार होतोच असं नाही. एका चिपचं दुसऱ्या चिपशी पटत नाही, आणि बाईने छान सूर लावला की मध्येच टिक् वाजतं. ते टिक् कुठून येतंय हे शोधण्यात माझी अर्धी हयात गेली. नलिनी म्हणते, त्यामुळेच तुझा स्वभाव कुजका झालाय.

नलिनी माझी बायको. महिला भजन मंडळाची बुवा. हो, बाई असली तरी बुवाच म्हणतात. बावीस वर्षं तिने मंडळ चालवलं. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी जुगलबंदीच्या, सामन्यात समोरच्या बुवाने काही आगाऊपणा केला की ही पेटीवरचा हात न उचलता त्याची अशी काही चंपी करायची, की मांडवात शिट्ट्या. लग्नाआधी मी ते बघितलं होतं आणि तरीही लग्न केलं. यावरून काय ते समजा.

मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर चांगली आशा आहे. नाही काढलं तर नाही.

"आणि आवाज?" मी विचारलं.

डॉक्टरांनी नकाराची मान हलवली. तारीख मिळाली सतरा दिवसांनंतरची, गुरुवार.

घरी आल्यावर नलिनीने चहा टाकला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता. म्हणाली, "मेल्या, एवढी दुनिया रेकॉर्ड केलीस. आता माका कर."

"भजनं करूया. जेवढी जमतील तेवढी."

"भजनं सगळ्यांच्या मोबाइलवर आहेत. माझं बोलणं कोणाकडे आहे?"

दुसऱ्या दिवशी तिने एक शंभर पानी वही घातली. पहिल्या पानावर पहिलं वाक्य होतं, "जेवलस काय?" दुसरं होतं, "चष्मो टकलेर आसा, घरभर काय शोधतस?"

मी वही मिटली आणि संडासात जाऊन नळ सोडून रडलो. काय लपवायचं त्यात.

२

तिची एकच अट होती. जुनाच डबा वापरायचा.

डबा म्हणजे ज्यात माइक खुपसतात आणि जो आवाजाचे आकडे करून कॉम्प्युटरला देतो, तो. आमच्याकडचा काळा, जड, दोन माइकचा. आमची मुलगी श्रुतिका शाळेत असताना घेतला होता. नलिनीच्या मंडळाचं पहिलं रेकॉर्डिंग त्याच्यावर झालं, आणि तिचा आवाज त्यात जसा बसला तसा नंतर कशातच बसला नाही. हे मीच तिला शंभर वेळा सांगितलेलं, त्यामुळे आता तोंड वर करून नाही म्हणता येईना.

वाट लागली ना! त्या डब्याची जाडी पिन घेणारा बोर्ड आता कोणी बनवत नाही. मध्ये एक वेगळं कार्ड लागतं, कार्डाला जुन्या पद्धतीची खाच लागते, आणि कार्डावरची चिप नेमक्या जातीची लागते, नाहीतर टिक्-टिक् सुरू. जुनी खाच असलेला बोर्ड मी घाटकोपरच्या एका बंद पडलेल्या डबिंग स्टुडिओतून उचलला. पहिलं कार्ड बसलं पण चिप नको ती. दुसऱ्याची चिप बरोबर, तर बोर्ड त्याला ओळखच देईना. तीन दिवस असे गेले. मी घरात सगळ्यांवर डाफरत होतो. सगळे म्हणजे नलिनी एकटीच.

तिसरं कार्ड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी मिळालं, कुठल्याशा भजन स्पर्धेच्या पत्रकात गुंडाळलेलं. वर कंपनीचं नाव नाही, काही नाही. मी ते कधी घेतलं मला आठवत नाही. पण माझ्याकडे असं रद्दी सामान ढिगाने असतं, त्यामुळे विचार केला नाही. लावलं, आणि पहिल्या फटक्यात चाललं. खरं तर तेव्हाच मला खटकायला हवं होतं. एकवीस वर्षांत पहिल्या फटक्यात काहीही चाललेलं मी बघितलेलं नाही.

आमच्याकडे नवं काही सुरू करायचं तर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. देवाला मोठ्याने सांगायचं काय ते, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. आमच्या घरात गाऱ्हाणं नलिनी घालते आणि मी होयबा. कॉम्प्युटरसमोर नारळ ठेवून ती उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

"आज ह्यो जो काय कॉम्प्युटर माझ्या घोवान जोडलेलो आसा..."

"होय म्हाराजा."

"त्येका नीट चलव, आणि ह्येच्या टकलेतलो राग जरा कमी कर रे म्हाराजा!"

"नलू!"

"होय म्हाराजा म्हण, मेल्या."

म्हटलं.

३

श्रुतिका लग्न होऊन मुलुंडला गेली तेव्हापासून तिची छोटी खोली रिकामी होती. भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीला गोधडी. कॉम्प्युटर बाहेर पॅसेजमध्ये ठेवून वायरी आत घेतल्या, म्हणजे पंख्याची घरघर नको. दुपारी दोन ते चार आमची चाळवजा बिल्डिंग जरा गप्प असते. ती वेळ ठरवली.

नलिनी माइकसमोर बसली आणि वही उघडून वाचू लागली. वाचू कसली, बोलू लागली. "पंखो बंद कर, थंडी वाजता." "श्रुतिकाक फोन लाव, दोन दिवस झाले." "गप रव." हे "गप रव" तिने चार प्रकारे म्हटलं, कारण चारही लागतात म्हणाली. मी कानाला हेडफोन लावून तिच्यासमोर बसलो होतो आणि मान खाली घालून स्क्रीनकडे बघत होतो.

स्क्रीनवर दोन रेघा होत्या. एक नंबरला तिचा माइक. दोन नंबरला काहीच जोडलेलं नव्हतं, भोक मोकळं. आणि डब्यावर दोन नंबरचा हिरवा दिवा थरथरत होता.

असं होतं कधीकधी. एका तारेतला आवाज शेजारच्या तारेत गळतो. मी सवयीने दोन्ही रेघा साठवल्या. संध्याकाळी गळती किती आहे ते बघायला दोन्ही रेघा मोठ्या करून एकाखाली एक ठेवल्या. दोन नंबरवर नलिनीच बोलत होती, लांबून, बारीक. वाक्यं तीच होती. फक्त दोन नंबरची प्रत्येक लाट एक नंबरच्या आधी येत होती. एक केसभर, पण आधी.

मी चष्मा पुसला. गळती मागून येते हो. आधी पाणी टपकलं आणि मग पाईप फुटला, असं होत नाही. मनात म्हटलं, ड्रायव्हरची गडबड असणार. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला डब्याची भाषा समजावणारा प्रोग्राम, तो चुकीची वेळ सांगत असेल. पण मग दोन्ही रेघा सारख्याच सरकल्या असत्या. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी ड्रायव्हरला चार शिव्या घातल्या आणि झोपलो.

४

दुसऱ्या दिवशी ते अंतर केसभर राहिलं नाही. नलिनी पान उलटत होती, तोंड बंद, आणि माझ्या डाव्या कानात, जिथे दोन नंबर येतो, तिचंच वाक्य लांबून येऊन गेलं. मग तिने तोंड उघडलं आणि तेच वाक्य म्हटलं.

"काय झालं? असा काय बघतस?"

"काही नाही. पुढचं म्हण."

मी तार बदलली. अर्थिंग तपासलं. दोन नंबरच्या भोकात बूच बसवलं. हेडफोन उलटे घालून डावा-उजवा कान अदलाबदल करून बघितला. दोन नंबर काही गप्प होईना. माइक नसलेल्या त्या भोकातून खोली ऐकू येत होती. नुसती शांतता नव्हे. खोलीत कोणी असलं की हवेला जो एक भरलेपणा असतो ना, तो.

आणि मग त्यात कुकर वाजला. दोन आखूड शिट्ट्या आणि एक लांब, शेवटी गुरगुरणारी. मी हेडफोन काढले. घर शांत होतं. नलिनी माझ्यासमोर पाणी पीत होती.

"भात लावलायस?"

"अजून नाही. भूक लागली काय?"

तिने अर्ध्या तासाने लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, हाताची घडी घालून. दोन आखूड आणि एक लांब. शेवटी झाकणाचं रबर सैल म्हणून ती गुरगुरली, तीसुद्धा तशीच.

"उभा काय राहतस? ताटं घे," नलिनी म्हणाली. मी ताटं घेतली.

५

मी भित्रा माणूस आहे. सरळ जाऊन एक नवा छोटा डबा आणला, आजकाल मिळतो तसा, एका बारीक वायरीवर चालणारा. जुन्या डब्याच्या पोटात लपवून जोडला, म्हणजे नलिनीला कळू नये. कार्ड काढून पत्र्याच्या डब्यात टाकलं. नव्या डब्यावर दोन नंबर मुकाट होता, जसा असायला हवा तसा. पुढच्या चार दुपारी आम्ही वहीतली बेचाळीसच्या बेचाळीस वाक्यं पुरी केली. आवाज एकदम झकास आला. इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पण वही संपली त्या संध्याकाळी नलिनी गॅलरीत बसली होती. शेजारच्या क्षमाने, म्हणजे तिच्या मंडळातल्या झांजवालीने, दिलेली अबोली ओंजळीत घेऊन. मला म्हणाली, "मी नाही जात गुरुवारी."

"काय?"

"ऑपरेशन नको. हाय तेवढे दिवस बोलून जाईन. आवाज काढल्यावर माझ्यात राहतंय काय रे? भाकऱ्या थापणारी एक मुकी बाई. ती मी नाही. तू लग्न केलंस तीही नाही."

मी ओरडलो. माझं तेच होतं, घाबरलो की ओरडतो. श्रुतिकाला फोन लावला, ती फोनवर रडली. क्षमा येऊन समजावून गेली. नलिनीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि फुलं गुंफत राहिली. मग मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "टेबलावर गेले तर? सहा तासांचं ऑपरेशन आहे. आवाजही गेला आणि मीही गेले, तर? तू सांगू शकतोस पुढचं?"

माझ्या घरात पत्र्याच्या डब्यात काय पडलंय, हे मला तेवढ्यात आठवलं होतं.

६

शनिवारी नलिनी बाजारात गेल्यावर मी कार्ड परत बसवलं. जुना डबा जोडला. एकही माइक लावला नाही. दोन नंबरचा दिवा लगेच लागला, वाटच बघत असल्यासारखा.

पहिल्या दिवशी ऐकलं ते क्षमाचं बोलणं. तिच्या भाच्याला विक्रोळीला नोकरी लागली, पेढे घ्या, वहिनी तुम्ही काहीच खात नाही. रविवारी दुपारी क्षमा पेढे घेऊन आली आणि शब्दन् शब्द तेच बोलली. मी पेढा तोंडात धरून बसलो होतो.

रोज अंतर वाढत होतं. सोमवारी जे ऐकलं ते मंगळवारी दुपारीही घडलं नव्हतं. मला एवढंच हवं होतं, गुरुवारच्या पलीकडचं. आणि त्याचीच इतकी भीती वाटत होती, की हेडफोन हातात घेऊन मी पंधरा पंधरा मिनिटं नुसता बसायचो. पलीकडे नुसती रिकामी खोली ऐकू आली तर? मग मी तिला जा म्हणू की राहा म्हणू? एकदा वाटलं, कानाचा डॉक्टर गाठावा. एकदा वाटलं, डोक्याचा.

मंगळवारी चार वाजता ऐकू आली ती खोली वेगळी होती. म्हणजे हीच, पण गाद्या काढलेल्या. आवाज भिंतींवरून परत येत होता. मला ते लगेच कळतं, पोटापाण्याचं कामच आहे ते. पंखा चालू होता. कोणीतरी सावकाश चालत आलं, स्लीपर घासत. खुर्ची कुरकुरली. ती माझीच खुर्ची, दुसरी कुठलीच तशी कुरकुरत नाही. आणि मग कोणीतरी घसा साफ केला आणि गाऱ्हाणं घालायला लागलं.

"बा देवा म्हाराजा!"

तो मी होतो. मी आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही. आवाज फाटत होता.

"हॉस्पिटलातसून हिका घराक आणलस..."

मग काहीच नाही. पंखा. बराच वेळ नुसता पंखा. "होय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हतं.

आणि मग टाळ वाजला. एक लांब ठोका, त्याला जोडून तीन आखूड. शेवटचा ठोका अंगठ्याने दाबून बंद केलेला.

"कोणाचं ऐकतस?"

मी उडालोच. नलिनी मागे उभी होती, हातात चहाचा कप. किती वेळ उभी होती देव जाणे. मला खोटं बोलता येत नाही, निदान तिच्याशी. मी हेडफोन तिच्या कानाला लावले आणि मघाचा तुकडा पुन्हा वाजवला.

तिने डोळे मिटून ऐकला. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा लावला. मग उठली, देवघराजवळच्या खिळ्यावरचा तिचा टाळ आणला आणि माझ्यासमोर वाजवला. एक लांब, तीन आखूड, शेवटचा अंगठ्याखाली. मंडळात असा दाबून टाळ दुसरं कोणी वाजवत नाही. तिच्या अंगठ्यावर त्याचा घट्टा आहे.

"अंगठो माझो," ती म्हणाली.

"हो."

"हे कधी केलंस?"

"केलेलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग मोकळ्या भोकाकडे. मला वाटलं आता प्रश्नांचा मारा होणार. तिने एकच विचारला. "ह्याच्यात मी बोलतंय काय खंय?"

"नाही गं."

"पण मी आसंय."

"आहेस."

ती बराच वेळ टाळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. चहावर साय धरली. मग म्हणाली, "बंद कर आता ते. नाटकाचा शेवट आधी सांगणारा माणूस माका आवडत नाय. आणि हॉस्पिटलची पिशवी भर. टॉवेल जुना नको घेऊ."

७

ऑपरेशनला साडेसात तास लागले. एकोणीस दिवसांनी ती घरी आली, गळ्यापाशी छोटं भोक आणि त्यावर पांढरी जाळी. श्वास तिथूनच. पहिले काही दिवस ती आरशासमोर जायची नाही आणि मी आरशावर पंचा टाकून ठेवला होता.

मी तिच्यासाठी एक बटणांची पट्टी जोडली. बेचाळीस बटणं, बेचाळीस वाक्यं. बटण दाबलं की स्पीकरमधून ती बोलते. पहिल्याच दिवशी तिने हॉलमधून बटण दाबलं. "चष्मो टकलेर आसा, घरभर काय शोधतस?" चष्मा खरंच डोक्यावर होता. मी हसायला लागलो, तीही हसली, तिचं हसणं म्हणजे आता नुसती हवा. मग दोघेही रडलो आणि तिने "गप रव" दाबलं, चारातलं तिसरं.

क्षमाच्या मदतीने मी गाद्या उतरवल्या. खोली आवरली, पंखा लावला. नलिनी स्लीपर घासत आली आणि पलंगावर बसली. मी खुर्चीत टेकलो, आणि मला एकदम वाटलं, देवाला काहीतरी सांगायला हवं. बाई घरी आली, नारळ नाही, फूल नाही, असं कसं. विचार न करता तोंडातून निघून गेलं, "बा देवा म्हाराजा!"

मागचं मला काही आठवत नव्हतं, शप्पथ सांगतो. "हॉस्पिटलातसून हिका घराक आणलस" म्हणून झालं आणि पंख्याचा आवाज ऐकला, तेव्हा आठवलं. मी थांबलो. नलिनीही थांबली होती. ती उशीखाली टाळ चाचपत होती.

एक लांब, तीन आखूड.

८

त्यानंतर कार्ड काढून फेकायला हवं होतं ना? नाही फेकलं. पंधरा वर्षं जुनी वायर न टाकणारा माणूस मी. डबा पॅसेजमध्ये तसाच जोडलेला राहिला, आणि नलिनी बरी होत गेली. भाकऱ्या, भांडणं, सगळं पूर्वीसारखं. डबलबारीला मंडळाबरोबर टाळ घेऊन बसायला लागली. समोरच्या बुवाने आगाऊपणा केला तर असा काही टाळ आपटते, की मांडवात शिट्ट्या.

परवा दुपारी जाता जाता दिसलं, दोन नंबरचा दिवा हलत होता. नलिनी क्षमाकडे गेली होती. मी हेडफोन लावले. फक्त एकदा, म्हटलं.

खोली हीच होती. पण घुमत होती. श्रुतिकाच्या खोलीतल्या कपाटात आता माझे कपडे असतात, गच्च भरलेले. कपाट रिकामं असलं की खोली अशी घुमते.

बटण दाबल्याचा आवाज आला. "जेवलस काय?"

उत्तर नाही. पंखा.

"जेवलस काय?" पुन्हा तेच बटण. मी भाजी आणायला गेलो असेन, असं मी स्वतःला सांगितलं. गिऱ्हाइकाकडे गेलो असेन, मुलुंडला, कुठेही. "चष्मो टकलेर आसा, घरभर काय शोधतस?" कोणी हसलं नाही. खुर्ची कुरकुरली नाही. स्लीपर खोलीभर फिरल्या आणि थांबल्या. मग टाळ. एक लांब, तीन आखूड. आधी गाऱ्हाणं घालणारं कोणी नव्हतं, तरी तिने वाजवला. हेडफोन काढून फेकावेत असं वाटत होतं, पण ती तिथे एकटी बसलेली असताना मला उठवेना.

मग आणखी एक बटण दाबलं गेलं. ह्या पट्टीत नसलेलं. त्याचा खटका वेगळा होता, नवा. आणि माझा आवाज आला, "जेवलंय गं. तू जेव आता. थंड होता."

माणसाच्या घशातून आलेला आवाज आणि स्पीकरमधून आलेला आवाज, यातला फरक मला झोपेतही कळतो. तो स्पीकरमधून आला होता.

एकवीस वर्षं मी दुनियेचा आवाज रेकॉर्ड केला. स्वतःचा एकदाही नाही.

कार्ड मी त्याच दिवशी काढलं. ते किती दिवसांपुढचं होतं, की वर्षांपुढचं, मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. नलिनीचा नियम आहे, शेवट आधी सांगायचा नाही. मी तिला सांगितलेलं नाही.

आज दुपारी दोन वाजता मी खिडकीला गोधडी लावली. नवा डबा, एक माइक, एक नंबरला. समोर शंभर पानी वही. पहिलं वाक्य ऐकूनच लिहिलंय, दुसरं माझं मी घातलंय, "होय म्हाराजा." तिसरं सुचेना म्हणून पेन चावत बसलो होतो, तेवढ्यात बाहेरून बटण वाजलं.

"काय करतस रे मेल्या?"

"टेस्टिंग!" मी ओरडलो आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.